पंचफुलाबाईंच्या नावावरचा लहानूचा डावा पाय

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सुंदराबाई स्मारक रुग्णालय व संशोधन केंद्र,
नागपूर.

अर्जदार : लहानू डोमाजी चकोले, वय ३९ वर्षे, धंदा मजुरी (लाकडाचा टाल), राहणार लकडगंज, नागपूर.

विषय : पत्नीच्या नावाने मंजूर झालेली डाव्या पायाची शस्त्रक्रिया, तो पाय ज्याचा आहे त्याच्यावर करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे संशोधन कार्ड, क्रमांक पु/६१.
२) अर्जदाराच्या पत्नीचे संशोधन कार्ड, क्रमांक स्त्री/२७.
३) आपले पत्र, दिनांक ९ एप्रिल १९८५, ‘तातडीचे’ असा शिक्का असलेले.

महोदय,

१. अर्जदारास लिहिता-वाचता येत नसल्याने हा अर्ज तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली बसणारे अर्जनवीस बाबाराव यांनी अर्जदाराच्या सांगण्यावरून लिहिला आहे. बाबारावांनी तेवीस वर्षांत हरवलेल्या रेशनकार्डापासून चोरीच्या बैलापर्यंत हरतऱ्हेचे अर्ज लिहिले. पाय एकाचा आणि कागद दुसऱ्याचा, असा अर्ज त्यांच्या हातून प्रथमच जात आहे. सबब भाषेचा तोल कोठे गेल्यास तो विषयाचा दोष समजावा, अर्जदाराचा समजू नये.

२. अर्जदार वयाच्या सोळाव्या वर्षापासून टालावर सागवानाचे ओंडके ढकलण्याचे काम करतो. त्याची पत्नी सौ. पंचफुला घरी विड्या वळत असे. घरची बाई विड्या वळते आणि घरचा माणूस ओढतो, असा हा प्रपंच होता. अर्जदार रोज दोन कट्टे ओढत असे, ही गोष्ट तो नाकारत नाही. सन १९८३ च्या दिवाळीपासून त्याच्या डाव्या पायाची पोटरी शंभर पावलांवर गोळा धरू लागली. थोडे उभे राहिले की गोळा सुटे, पुन्हा शंभर पावले चालले की धरे. भर रस्त्यात उगाच उभे राहण्याची लाज वाटते म्हणून अर्जदार सिनेमाच्या पोस्टरसमोर थांबून ते वाचत असल्याचे दाखवी. टालावर त्याला सिनेमाचा शौकीन समजू लागले. हल्ली शंभराची तीस पावले झाली आहेत आणि रस्त्यात तेवढी पोस्टरे नाहीत.

३. जानेवारी १९८४ मध्ये आपल्या केंद्रात रक्ताचा ओघ दाखवणारे परदेशी यंत्र आले. यात सुई टोचत नाहीत, चिरा देत नाहीत, रक्ताचा थेंब काढत नाहीत. कातडीवर गारेगार मलम लावून पेनासारखी दांडी टेकवली की आतले धावते रक्त टी.व्ही.सारख्या पडद्यावर दिसते, वर त्याचा सूं-सूं आवाजही येतो. यंत्राला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून ‘विडी ओढणाऱ्या मजुरांच्या पायांतील रक्तप्रवाह’ या संशोधनाचा शुभारंभ झाला. प्रकल्पप्रमुख डॉ. कृष्णकांत साहेब धरमपेठेतून जातीने टालावर आले आणि म्हणाले की, आम्ही रक्त न काढता रक्त पाहतो. सुईचे नाव काढताच पळून जाणारी माणसे त्या दिवशी रांग लावून उभी राहिली. रांगेत सगळ्यांत पुढे अर्जदार होता. सोळा वर्षांचा असल्यापासून कोणी आपल्या पायाची चौकशी केली नव्हती, ती आता मोठे साहेब करीत आहेत, म्हणून त्याला भरून आले होते.

४. यंत्र चालवण्याचे काम आपल्याकडील कर्मचारी श्री. रुपराव यांच्याकडे देण्यात आले. रुपराव हे पूर्वी मलमपट्टी करीत. तथापि त्यांचे मामा रामटेकास नावाजलेले वैद्य होते आणि रुपरावांनी त्यांच्या हाताखाली सहा वर्षे नाडी पाहिली होती. त्यांच्या बोटांना रक्ताची ओळख आहे, असे म्हणून साहेबांनी त्यांची निवड केली. संशोधनाच्या छापील फॉर्मात ‘पाय’ या शब्दापुढे एकच चौकोन होता. त्यात कोणता पाय लिहायचा, हे साहेबांनी सांगितले नाही आणि रुपरावांनी विचारले नाही, कारण त्यांना ते ठाऊक होते. नाडी पुरुषाची उजव्या हाताची पाहतात आणि बाईची डाव्या हाताची. मामांनी शिकवलेले शास्त्र रुपरावांनी हातावरून पायावर उतरवले. पुरुषाचा उजवा पाय, बाईचा डावा पाय.

५. दिनांक ७ मार्च १९८४ रोजी अर्जदाराने टेबलावर डावा पाय ठेवला असता रुपरावांनी तो उचलून बाजूला केला व उजव्यास मलम लावले. अर्जदाराने नम्रपणे विचारले, ‘भाऊ, माहा डावा दुखून राहिला, तुम्ही उजवा काहून पाहून राहिले?’ त्यावर रुपराव म्हणाले, ‘माणसाचा उजवाच पाहतेत गा. डावा बाईचा. तुह्या एकट्यासाठी शास्त्र बदलू का?’ शिकलेल्या माणसाशी टेबलावर आडवे पडून वाद घालता येत नाही. येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे की, त्याच दिवशी संमतिपत्रावर अर्जदाराच्या डाव्या हाताचा अंगठा घेण्यात आला होता, कारण कागदाला पुरुषाचा डावा अंगठा लागतो. अर्जदार तेव्हापासून विचार करीत आहे की, डावीकडचा माणूस सही करण्यापुरता चालतो तर दुखण्यापुरता का चालत नाही.

६. अर्जदाराच्या उजव्या पायात रक्ताचा ओघ असा काही निघाला की साहेब स्वतः पडद्याजवळ आले. एकोणीस वर्षे विडी ओढून असा ओघ त्यांनी पाहिला नव्हता. त्या ओघाचे छायाचित्र चौकट करून आपल्या केंद्राच्या व्हरांड्यात लावले आहे व त्याखाली पु/६१ असे लिहिले आहे. येणारे पाहुणे त्यापुढे थांबतात. अर्जदारही त्यापुढे थांबतो, कारण फाटकापासून तेथपर्यंत तीस पावले होतात.

७. जून महिन्यात तुलनेसाठी विडी न ओढणाऱ्या बाया हव्या झाल्या, तेव्हा अर्जदाराने आपल्या पत्नीचे नाव दिले. उभयतां एकाच बाकावर बसली असता पत्नीचा डावा आणि अर्जदाराचा पुन्हा उजवा पाय तपासण्यात आला. नवराबायको मिळून एक जोडी पाय पुरे झाले, असा हा हिशेब. अर्जदाराने तेव्हा धीर करून थेट साहेबांकडे तक्रार केली. साहेबांना हा प्रकार प्रथमच कळला असावा असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा मागवला. एकशे चाळीस फॉर्म भरून झाले होते. साहेबांनी गठ्ठ्याची दोरी पुन्हा बांधली आणि सांगितले की, ही आमची निश्चित पद्धत आहे, मध्येच पाय बदलला तर अभ्यास बिघडतो. रुपरावांच्या मामांचे शास्त्र अशा रीतीने त्या दुपारी आधुनिक झाले. साहेबांनी आणखी एक सूचना दिली की, अभ्यास संपेपर्यंत अर्जदाराने विड्या कमी करू नयेत, नाहीतर आकडे जुळणार नाहीत. अर्जदार तेव्हा विडी सोडण्याच्या बेतात होता. मोठ्या माणसाचा शब्द मोडू नये म्हणून तो आणखी आठ महिने ओढत राहिला. याचा राग त्याला स्वतःचाच येतो, असे त्याने बाबारावांना दोनदा सांगितले आहे.

८. डिसेंबर १९८४ मध्ये संशोधन पूर्ण होऊन परिषदेत निबंध वाचण्यात आला की, या भागातील पुरुष मजुरांच्या पायांतील रक्तप्रवाहावर विडीचा विशेष परिणाम दिसत नाही. टाळ्या झाल्या असे कळते. शहरातील एका विडी कारखानदाराने हे वाक्य १९८५ च्या कॅलेंडरावर लक्ष्मीच्या चित्राखाली छापले. सौ. पंचफुला त्याच कारखान्याच्या विड्या वळत असल्याने एक प्रत अर्जदाराच्या घरीही भिंतीवर आहे.

९. फेब्रुवारीत डाव्या पायाचे करंगळीलगतचे बोट काळे पडले.

१०. अर्जदार आपल्याच रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेला. तेथील एका तरुण डॉक्टरांनी त्याच्या डाव्या पावलावर दोन बोटे ठेवली, डोळे मिटले, जागा बदलून पुन्हा ठेवली, आणि ‘इथे तर ठोकाच लागत नाही’ असे म्हणाले. अर्जदाराच्या वर्षभराच्या फेऱ्यांत हे पहिले खरे वाक्य होते. इतक्यात परिचारिकेने त्यांच्यापुढे कार्ड पु/६१ ठेवले. त्यावर ‘रक्तप्रवाह उत्तम’ असा लाल शिक्का होता. डॉक्टरांनी एकदा पायाकडे पाहिले, एकदा शिक्क्याकडे पाहिले आणि हात धुतले. लाखाच्या यंत्रापुढे दोन बोटांचे काय चालणार? अर्जदारास जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. त्या दिवशी अर्जदाराने उरलेला कट्टा नाल्यात टाकला आणि त्यानंतर विडी ओढलेली नाही. रात्री झोप लागत नाही, पाय खाटेखाली लोंबता ठेवला की जरा बरे वाटते. पंचफुला उशाशी बसून राहते. तिने विड्या वळणे बंद केले आहे.

११. यापुढील मजकूर अर्जदार खरा सांगत आहे, मग त्याबद्दल काय शिक्षा व्हायची ती होवो. निबंध वाचून झाला तरी मार्च महिन्यात बायांच्या पायांची दुसरी फेरी उरली होती. आपल्या केंद्रात बायांची तपासणी मर्यादा राखून होते. मध्ये हिरवा पडदा असतो, बाई पडद्यामागे आडवी होते आणि पडद्याखालून गुडघ्यापर्यंत पाय बाहेर येतो. दिनांक १९ मार्च रोजी सौ. पंचफुलाने आपले कार्ड स्त्री/२७ टेबलावर ठेवले व पडद्यामागे नवऱ्यास निजवले. कल्पना तिची होती. अर्जदारास इतकी अक्कल असती तर तो व्हरांड्यात चौकटीत अडकला नसता. रुपरावांपुढे एक पाय आला. त्यांनी पाय पाहिला, पायावरचे केस पाहिले, ओंडका पडून चेपलेली टाच पाहिली, मग कार्ड पाहिले आणि कार्डावर विश्वास ठेवला. मलम लावले, दांडी टेकवली. सूं-सूं काही येईना. दांडी खाली नेली, वर नेली, यंत्राला दोन थापा मारल्या. यंत्राचा पडदा काळा तो काळाच. हिरव्या पडद्यामागे अर्जदार कान देऊन पडून होता. आपल्या पायातून काहीच ऐकू येत नाही, हे ऐकायला तो वर्षभर धडपडला होता, आणि ऐकल्यावर मात्र त्याने दोन्ही कान झाकून घेतले.

१२. दिनांक ९ एप्रिलचे तातडीचे पत्र घरी आले. त्यात असे आहे की, सौ. पंचफुला लहानू चकोले यांच्या डाव्या पायातील रक्तप्रवाह जवळजवळ बंद असून जिवास धोका आहे, त्यांनी दिनांक २९ एप्रिल रोजी सकाळी आठ वाजता स्त्री-कक्षातील खाट क्रमांक १४ वर भरती व्हावे. रक्तवाहिनी मोकळी करण्याचा प्रयत्न करण्यात येईल, न साधल्यास पाय गुडघ्याखाली काढण्यात येईल. सोबत संमतिपत्र जोडले आहे. अर्जदाराच्या पायाला इतके आस्थेवाईक पत्र आजवर आले नव्हते. शेजाऱ्याकडून ते तीन वेळा वाचून घेतले.

१३. सौ. पंचफुला दुसऱ्याच दिवशी आपल्या केंद्रात आली. लकडगंजातून पायी आली, आणि जिना चढून थेट साहेबांच्या दारात उभी राहिली. पाय दुखत नाही, असे तिने सांगितले. त्यावर कागदात ‘रुग्णास आजाराची जाणीव नाही’ अशी नोंद झाली. तिने चालून दाखवले, तेव्हा ‘रुग्ण समजूत घालूनही विश्रांती घेत नाही’ अशी दुसरी नोंद झाली. तेव्हा तिने खरा प्रकार सांगून टाकला. ती म्हणाली, ‘साहेब, कागद माहा हाय, पाय माह्या नवऱ्याचा हाय. दुखनं हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले, असं काहून करून राहिले?’ साहेबांना म्हण कळली नसल्यास बाबाराव खुलासा करतात की, हाल्या म्हणजे रेडा, आणि पखाल म्हणजे त्याच्या पाठीवरची पाण्याची कातडी पिशवी. आजारी रेडा असतो आणि सुई पिशवीला टोचतात. रुपराव तेथे उभे होते. ‘मले तवाच वाटलं होतं वं बाई, एवढी टाच बाईची नसते,’ असे ते हळूच म्हणाले, परंतु ते कोणी लिहून घेतले नाही.

१४. डॉ. कृष्णकांत साहेबांनी शांतपणे समजावले की, तो पाय पुरुषाचा होता असे मान्य केले, तर पुरुषाचा डावा पाय तपासला गेला असे होईल. ते निश्चित पद्धतीविरुद्ध आहे. मग ती तपासणी रद्द धरावी लागेल, आणि ती रद्द झाली की रक्त बंद असलेला पाय या रुग्णालयात शिल्लकच राहत नाही. थोडक्यात, बंद पाय आहे तो पंचफुलाचा, नाहीतर कोणाचाच नाही. अर्जदारास यातले शास्त्र कळत नाही. एवढेच कळते की, तो पाय रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येतो. एक पुरुष, दोन पाय, यासाठी वेगळा प्रकल्प मंजूर करून आणावा लागेल, त्यास दीड वर्ष लागेल, तोपर्यंत आपण अधीक्षकांकडे अर्ज करून पाहावा, असा सल्ला आपल्या कार्यालयातील लिपिकाने दिला. तो मानून हा अर्ज करण्यात येत आहे. काळे बोट आता एकटे राहिलेले नाही. शेजारचे बोट निळे झाले आहे. तरुण डॉक्टर व्हरांड्यात भेटले असता त्यांनी खाली मान घालून ‘महिनाभरात काही केले तर पाय वाचेल’ असे सांगितले व त्यांचे नाव अर्जात न घालण्याची विनंती केली, ती पाळली आहे.

१५. वरील सर्व बाबींचा विचार होऊन अर्जदाराची विनंती अशी की, रुपरावांनी दांडी एकदा, फक्त एकदा, अर्जदाराच्या डाव्या पायावर अर्जदाराच्याच नावाने टेकवावी. ती फॉर्मात लिहू नये. निबंधात घालू नये. परिषदेत वाचू नये. छायाचित्र काढल्यास व्हरांड्यात लावू नये. साहेबांचा निष्कर्ष आहे तसा राहू द्यावा, कॅलेंडर आहे तसे राहू द्यावे. अर्जदाराचे कोणाशी वैर नाही.

हे पद्धतीत बसत नसल्यास अर्जदारास केवळ डाव्या पायापुरते स्त्री समजण्यात यावे. उरलेल्या देहाने तो पुरुषच राहील व पुढील तपासणीस उजवा पाय पूर्वीप्रमाणे विनातक्रार हजर करील. पत्नीची यास हरकत नाही. टालावरचे लोक हसतील, परंतु ते आताही हसतात.

तेही शक्य नसल्यास, सौ. पंचफुलाच्या नावाने राखलेली खाट, तिच्या नावाने काढून ठेवलेली रक्ताची बाटली आणि तिच्या नावाने ठरलेली शस्त्रक्रिया तशीच ठेवून, त्या खाटेवर अर्जदारास निजवावे. मध्ये हिरवा पडदा लावावा. कार्ड पडद्याच्या अलीकडे ठेवू, पाय पलीकडून काढू. आपल्या रुग्णालयात हे एकदा जमले आहे, पुन्हा जमण्यास अडचण नसावी.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहावी असा पत्नीचा आग्रह आहे. ती संमतिपत्रावर अंगठा देण्यास तयार आहे. बाईचा उजवा अंगठा लागतो, तो ती देईल. पण त्या कागदावर पाय काढायचाच झाला तर टेबलावर कोणाचा पाय आहे, हे कार्ड न पाहता पाहावे. तिला भीती आहे की तिचा चांगला पाय जाईल, नवऱ्याचा सडका राहील, आणि दोघांची मिळून नोंद ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ अशी होईल. बाबारावांनी ही भीती अनाठायी आहे असे लिहिण्याचा प्रयत्न केला, परंतु लेखणी चालली नाही.

दिनांक २९ एप्रिल रोजी सकाळी आठ वाजता उभयतां आपल्या फाटकाशी हजर राहतील. अर्जदारास खाटेपर्यंत पोचण्यास वेळ लागेल. वाटेत व्हरांड्यात त्याच्या उजव्या पायाचे छायाचित्र आहे, तेथे तो थांबेल. त्यावरून तो आला नाही असे समजून खाट दुसऱ्यास देऊ नये, ही विनंती.

आपला नम्र व उजव्या पायाने निरोगी,

लहानू डोमाजी चकोले
(निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची)

लिहिणार : बाबाराव, अर्जनवीस, तहसील कचेरीसमोर.

स्थळ : नागपूर
दिनांक : २२ एप्रिल १९८५

सोबत :
१) कार्ड पु/६१, लाल शिक्क्यासह.
२) कार्ड स्त्री/२७ व दिनांक ९ एप्रिलचे तातडीचे पत्र.
३) सन १९८५ चे कॅलेंडर, मार्चपर्यंतची पाने फाडलेले.
४) अर्जदाराचा डावा पाय, समक्ष आणला आहे. ही मूळ प्रत असून दुसरी नक्कल नाही, तरी पाहून परत करण्याची कृपा व्हावी.